दवा बाजार ते दिल्ली: स्पर्धा कायद्याची आणि सामूहिक ग्राहक दाव्यांची वकिली

स्पर्धा कायद्याचा वकील ज्या नुकसानीसाठी भांडतो, ती बहुधा कोणाच्याही एका बिलात दिसत नाही. गोळ्यांच्या पट्टीवर दोन रुपये जास्त, सिमेंटच्या गोणीवर दहा रुपये जास्त, एवढ्यासाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. चढलाच तर वकिलाची पहिल्या तारखेची फीच त्या रकमेच्या शंभरपट होते. पण तीच दोन-दहा रुपयांची वाढ विक्रेत्यांनी आपापसांत ठरवून केलेली असेल आणि ती लाखो बिलांवर पसरलेली असेल, तर बेरीज कोटींत जाते. ही बेरीज शोधायची, ती संगनमतातून आली हे सिद्ध करायचे आणि शेवटी ज्यांच्या खिशातून पैसे गेले त्यांच्या वतीने परत मागायचे, अशी ही तीन टप्प्यांची वकिली आहे. पहिले दोन टप्पे स्पर्धा कायद्यात येतात, तिसरा सामूहिक दाव्यात.

अमेरिकेत ही तिन्ही कामे एकाच कार्यालयात होतात. तेथे मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा १८९० साली झाला. नुकसान सोसणाऱ्याला तिप्पट भरपाई मागण्याचा हक्क त्यातच होता आणि १९१४ च्या क्लेटन कायद्याने तो विस्तारला. १९६६ मध्ये दिवाणी प्रक्रियेचा तेविसावा नियम नव्याने लिहिला गेला, तेव्हापासून एक ग्राहक हजारो अनोळखी ग्राहकांच्या वतीने भरपाईचा दावा चालवू शकतो. तिप्पट भरपाई, समूहाचा दावा आणि निकालावर अवलंबून असलेली फी यांच्या जोरावर तेथे या विषयाची वकिली हा मोठा व्यवसाय बनला. भारतात हीच कामे वेगवेगळ्या कायद्यांत आणि वेगवेगळ्या दारांवर वाटली गेली आहेत. ती वाटणी कशी आहे आणि तीत वकिलाला काय करावे लागते, हे इंदूरच्या औषध व्यापाराच्या एका प्रकरणावरून चांगले समजते.

दोन कायदे, दोन वाटा

भारतातील पहिला मक्तेदारीविरोधी कायदा १९६९ चा. त्याला एमआरटीपी कायदा म्हणत. उद्योग फार मोठा होऊ नये, ही त्यामागची मुख्य काळजी होती. उदारीकरणानंतर ती भूमिका कालबाह्य ठरली. एस. व्ही. एस. राघवन यांच्या समितीने २००० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून स्पर्धा कायदा, २००२ तयार झाला. मोठे असणे हा आता गुन्हा राहिला नाही. मोठेपणाचा गैरवापर आणि स्पर्धकांचे आपापसांतले साटेलोटे हे मात्र बेकायदा ठरले. भारतीय स्पर्धा आयोग २००३ मध्ये स्थापन झाला, पण न्यायालयीन आव्हानामुळे कायद्याची मुख्य कलमे २० मे २००९ पर्यंत लागू झाली नाहीत.

वकिलाच्या रोजच्या कामात यातली दोन कलमे येतात. कलम ३ करारांबद्दल आहे. भाव ठरवणे, माल रोखणे, बाजार वाटून घेणे आणि निविदांत संगनमत करणे असे करार स्पर्धकांत झाले, तर स्पर्धेला बाधा आली असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे दाखवण्याचे ओझे त्यांच्यावर पडते. कलम ४ बाजारातील प्रबळ स्थानाच्या गैरवापराबद्दल आहे. अँड्रॉइडच्या अटींबद्दल गूगलवर ऑक्टोबर २०२२ मध्ये झालेला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड याच कलमाखालचा.

दुसरी वाट ग्राहक कायद्याची. तिला मराठी मुलखात स्वतंत्र इतिहास आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला तो त्यानंतर, २४ डिसेंबर १९८६ रोजी. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. आज लागू असलेला कायदा २०१९ चा असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग अशी आजची उतरंड आहे.

या दोन वाटांमधला फरक वकिलाने पहिल्याच भेटीत अशिलाला सांगायला हवा. स्पर्धा आयोग बाजार दुरुस्त करतो आणि दंड करतो, पण दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ग्राहक आयोग तक्रारदाराला भरपाई देतो, पण बाजारातील संगनमत खणून काढणारी तपास यंत्रणा त्याच्या हाताखाली नाही.

इंदूरचा दवा बाजार

इंदुरात रवींद्रनाथ टागोर मार्गावर दवा बाजार आहे. मध्य प्रदेशातल्या औषधांच्या घाऊक व्यापाराचे हे एक मोठे केंद्र. कंपनीचा माल तिच्या सी अँड एफ एजंटकडून स्टॉकिस्टकडे म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडे, स्टॉकिस्टकडून मेडिकल दुकानात आणि तेथून रुग्णाच्या हातात, अशी ही साखळी चालते. यात नफ्याचे प्रमाणही बांधल्यासारखे असते. सरकारने किंमत ठरवलेल्या औषधांवर घाऊक व्यापाऱ्याला ८ टक्के आणि किरकोळ दुकानदाराला १६ टक्के, बाकीच्या औषधांवर अनुक्रमे १० आणि २० टक्के, हे आकडे व्यापारात तोंडपाठ असतात.

या साखळीत नव्या माणसाला शिरायचे असेल तर कायद्याने त्याला घाऊक विक्रीचा औषध परवाना आणि कंपनीची नेमणूक पुरते. व्यवहारात तिसरा कागद लागत असे, तो म्हणजे औषध विक्रेत्यांच्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र. व्यापारात त्याला नुसते एनओसी म्हणतात. औषध उत्पादकांच्या संघटना आणि विक्रेत्यांची अखिल भारतीय संघटना यांच्यातील जुन्या समझोत्यांतून ही पद्धत रुळली होती. नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी संघटनेच्या माहितीपत्रकासाठी ठरावीक शुल्क भरण्याची प्रथाही तिच्या जोडीला होती. एनओसी नसेल तर कंपनी नव्या स्टॉकिस्टला माल देत नसे. कंपनीने तरीही दिला तर तिच्या मालावर बहिष्काराची टांगती तलवार असे.

स्पर्धा आयोगापुढे ही पद्धत अनेकदा आली. गोव्याच्या औषध विक्रेता संघटनेविरुद्ध जून २०१२ मध्ये आदेश झाला. अखिल भारतीय संघटनेला फेब्रुवारी २०१३ मध्ये ४७.४० लाख रुपयांचा दंड झाला. मध्य प्रदेशातले प्रकरण त्यानंतरचे. मध्य प्रदेश केमिस्ट्स अँड डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशनने २०१४ मध्ये राज्यातील औषध विक्रेता संघटनेविरुद्ध आयोगाकडे धाव घेतली. त्या वर्षीचे हे ६४ क्रमांकाचे प्रकरण. जून २०१८ मध्ये निकाल लागला. राज्य संघटना, इंदूरची संघटना आणि दोन औषध कंपन्या यांना आयोगाने दोषी धरून दंड केला. दंडाचे आकडे बोलके होते. संघटनांची वार्षिक आवक मुळात लहान, म्हणून त्यांचा दंड लाखांत आणि हजारांत राहिला. कंपन्यांचा दंड उलाढालीवर मोजला गेला आणि तो कोटींत गेला.

कंपन्यांना दंड का, हा प्रश्न अशील हमखास विचारतात. एनओसी मागणारी संघटना आणि ती आणायला सांगणारी कंपनी, दोघांच्या वागण्याने नव्या व्यापाऱ्याचा मार्ग बंद होतो. संघटनेच्या दबावाखाली वागलो, हा बचाव फार काळ टिकत नाही. आपण व्यापारी नसून फक्त संघटना आहोत, हा दुसरा बचाव. पश्चिम बंगालमधील सिनेमा कलावंत-तंत्रज्ञांच्या समन्वय समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये तोही बराच बोथट केला. सभासद स्वतः व्यवसाय करणारे असतील तर त्यांच्या संघटनेचा निर्णय हा स्पर्धकांमधला करार ठरू शकतो, असे त्या निकालाचे सार आहे.

तक्रार कशी उभी राहते

स्पर्धा आयोगापुढे तक्रार करायची नसते, कायद्याच्या भाषेत माहिती द्यायची असते. हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. माहिती देणारा प्रत्यक्ष पीडित असलाच पाहिजे असे नाही. ओला-उबरच्या भाड्याबाबतच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केले. ग्राहक संघटना, व्यापारी किंवा एखादा नागरिक, कोणीही दार ठोठावू शकतो. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र मुदत घातली आहे. प्रकरणाचे कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती द्यायला हवी. उशिराचे पुरेसे कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो.

माहिती आल्यावर आयोग प्रथमदर्शनी मत बनवतो. प्रकरणात तथ्य वाटले नाही तर ते बंद होते, वाटले तर आयोगाच्या तपास शाखेच्या महासंचालकांकडे तपास जातो. या पहिल्या टप्प्यावर विरुद्ध बाजूला सुनावणीचा हक्क नाही आणि तपासाच्या आदेशावर अपीलही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या प्रकरणात २०१० मध्ये ठरवले. म्हणजे माहिती देणाऱ्या वकिलाचा सगळा जोर त्या पहिल्या पंधरा-वीस पानांवर असतो. तेथे आयोगाच्या मनात शंका जागी करता आली नाही, तर पुढे कितीही पुरावा असला तरी तो पाहायला कोणी बसत नाही.

समजा, इंदूरचा एखादा नवा स्टॉकिस्ट वकिलाकडे येतो. त्याच्या पिशवीत औषध परवाना, कंपनीला पाठवलेले अर्ज, डिमांड ड्राफ्टच्या परत आलेल्या प्रती आणि फोनमध्ये कंपनीच्या एरिया मॅनेजरचा निरोप असतो. निरोपात एवढेच असते की आधी असोसिएशनचे पत्र आणा. अशिलाच्या दृष्टीने सर्वांत मोठा कागद परवाना, कारण त्यासाठी त्याने खेटे घातलेले असतात. वकिलाच्या दृष्टीने तो निरोप महत्त्वाचा, कारण नकाराचे खरे कारण त्यातच उघडे पडलेले असते. मग वकील तारखांचा तक्ता करतो. अर्ज कधी, नकार कधी, संघटनेची बैठक कधी, परिपत्रक कधी. त्याच महिन्यात दुसऱ्या कोणाला एनओसी मिळाली का आणि त्याला माल किती दिवसांत गेला, हेही त्या तक्त्यात येते. संगनमताचा लेखी करार क्वचितच सापडतो. एकाच आठवड्यात चार कंपन्यांनी एकाच शब्दांत दिलेला नकार तक्त्यावर मात्र स्वच्छ दिसतो. येथे फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही. घडल्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे, एवढे दाखवावे लागते आणि त्यासाठी परिस्थितिजन्य पुरावा चालतो.

भाषेचा एक धागा इंदूरच्या वकिलाला सतत सांभाळावा लागतो. मराठी कुटुंबातल्या वकिलाच्या घरात मराठी, दवा बाजारात हिंदी आणि दिल्लीच्या आयोगापुढे इंग्रजी. संघटनेच्या बैठकीचे इतिवृत्त हिंदीत असते. त्यातला ‘सहयोग न किया जाए’ हा सौम्य वाटणारा शब्दप्रयोग म्हणजे व्यवहारात बहिष्काराचा हुकूम, हे आयोगाला पटवायचे तर भाषांतर अचूक हवे आणि त्या शब्दाचा बाजारातला अर्थ सांगणारा साक्षीदारही हवा.

लहान व्यापाऱ्याची भीती हाही पुराव्याइतकाच अवघड विषय असतो. तक्रार करणाऱ्याचे नाव बाजारात कळले तर उद्यापासून त्याचा माल बंद. म्हणून नाव गुप्त ठेवण्याची विनंती आयोगाला करता येते. तपास चालू असतानाच पुरवठा रोखला जात असेल तर कलम ३३ खाली अंतरिम आदेश मागता येतो. हे दोन्ही अर्ज वेळेवर करणे कधी कधी अंतिम युक्तिवादापेक्षा मोलाचे ठरते, कारण निकालापर्यंत चार वर्षे गेली तर दुकान तोवर टिकायला हवे.

तपासाच्या टप्प्यात महासंचालकांचे अधिकारी कागद मागवतात, शपथेवर जबाब घेतात आणि न्यायालयाच्या परवानगीने झडतीही घेऊ शकतात. बचावाच्या बाजूला असलेल्या वकिलाला येथे एक कठीण सल्ला द्यावा लागतो: कबूल करायचे की लढायचे? कार्टेलमधून, म्हणजे स्पर्धकांच्या संगनमतातून, सर्वांत आधी पुढे येऊन मोलाची माहिती देणाऱ्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, दुसऱ्याला ५० आणि तिसऱ्याला ३० टक्क्यांपर्यंत. या तरतुदीखालचा पहिला आदेश जानेवारी २०१७ मध्ये रेल्वेच्या पंख्यांच्या निविदा प्रकरणात झाला. शेजारची कंपनी आपल्या आधी आयोगाच्या दारात पोहोचेल, ही धास्तीच कार्टेल फोडते.

आयोगाच्या आदेशावर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांत अपील करता येते. दंडाविरुद्ध अपील असेल तर आता २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय. प्रक्रियेतली एक चूक किती महाग पडते, हे सिमेंटच्या प्रकरणात दिसले. मुंबईत मुख्यालय असलेल्या बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या माहितीवरून आयोगाने जून २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांवर ६,३०० कोटींहून अधिक दंड बसवला. डिसेंबर २०१५ मध्ये तत्कालीन अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला, कारण अंतिम सुनावणीला नसलेल्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली होती. आयोगाने पुन्हा सुनावणी घेतली, ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा दंड केला आणि जुलै २०१८ मध्ये अपिलात तो कायम झाला. ज्याने ऐकले त्यानेच निकाल द्यावा, हे साधे तत्त्व पाळले न गेल्याने प्रकरणाची चार वर्षे वाया गेली.

दंड एकाकडे, भरपाई दुसरीकडे

दंड किती, हा स्वतंत्र लढा असतो. कायद्यात मागील तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा आहे. कार्टेलसाठी संगनमताच्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यांत जे जास्त असेल ते. उलाढाल कोणती धरायची, यावर मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक्सेल क्रॉप केअरच्या प्रकरणात ज्या मालाबाबत गुन्हा घडला त्याचीच धरावी असे सांगितले. ते प्रकरण धान्यसाठ्यात वापरल्या जाणाऱ्या कीडनाशक गोळ्यांच्या निविदांचे होते. २०२३ च्या दुरुस्तीने चित्र पुन्हा बदलले आणि कमाल मर्यादा जगभरातील एकूण उलाढालीवर मोजण्याची सोय झाली.

ज्याचे नुकसान झाले त्याला मात्र या रकमेतले काही मिळत नाही. त्याच्यासाठी कलम ५३एन आहे. उल्लंघन सिद्ध झाल्यावर अपील न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो आणि समान हित असलेल्या अनेकांच्या वतीने एकाला तो करता येतो. २०२३ नंतर आयोगाशी तडजोड करून सुटलेल्या कंपनीविरुद्धही असा अर्ज करता येतो. अमेरिकन धर्तीच्या सामूहिक दाव्याला लागणारे दार म्हणजे हेच. ते उघडे असूनही क्वचितच वापरले गेले आहे. या कलमाखाली ठळकपणे पुढे आलेला ८५६ कोटींचा दावा एका शेअर बाजाराने दुसऱ्या शेअर बाजाराविरुद्ध केलेला होता. तेथे सर्वसामान्य ग्राहक कुठेच नव्हता.

कारणे व्यावहारिक आहेत. आधी आयोगाचा निकाल हवा, मग त्यावरची अपिले संपायला हवीत. त्यात दशक जाते आणि तोवर बिले हरवलेली असतात. दुसरी अडचण हिशेबाची. स्टॉकिस्टवर पडलेला जादा भार त्याने दुकानदारावर ढकलला, दुकानदाराने रुग्णावर. मग नुकसान नेमके कोणाचे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इलिनॉय ब्रिक प्रकरणात हा गुंता एका घावात तोडला. संघराज्याच्या कायद्याखाली थेट खरेदीदारानेच भरपाई मागावी, असे ठरवले. भारतात अशी रेषा आखलेली नाही, त्यामुळे प्रत्येक प्रकरणात वकिलाला अर्थतज्ज्ञ सोबत घेऊन बाजारभावाचा आलेख मांडावा लागतो: संगनमत नसते तर भाव किती असता?

समान हिताची कसोटी

ग्राहक आयोगापुढे सामूहिक तक्रारीचे कलम आहे ३५(१)(क). एका किंवा अधिक ग्राहकांनी आयोगाच्या परवानगीने, समान हित असलेल्या सर्वांच्या वतीने तक्रार करावी, असे ते सांगते. या दोन शब्दांवर, म्हणजे समान हितावर, बहुतेक दावे अडखळतात. बेंगळुरूच्या ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात १,१३४ सदनिकांच्या संकुलातील ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सामूहिक तक्रार म्हणून मान्य केली नाही. उरलेल्या खरेदीदारांचे हितही तेच आहे, हे तक्रारीत नीट मांडलेलेच नव्हते. त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून ती चालू राहिली. धडा मसुद्याचा आहे. सगळ्यांचे नुकसान झाले, एवढे लिहून भागत नाही. कोणता एक प्रश्न सगळ्यांना लागू आहे आणि त्याचे एक उत्तर सगळ्यांना कसे पुरते, हे लिहावे लागते.

ग्राहक ओळखताच येत नसतील तर कायद्यात एक तोड आहे. ज्यांची ओळख पटवणे सोयीचे नाही अशा मोठ्या संख्येच्या ग्राहकांचे नुकसान झाले असेल, तर सदोष मालाच्या किंवा सेवेच्या मूल्याच्या किमान २५ टक्के रक्कम भरण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. १९८६ च्या कायद्यात हे प्रमाण ५ टक्के होते. किरकोळ वस्तूंच्या बाबतीत ही तरतूद फार उपयोगी आहे, पण ती मागणीच्या परिच्छेदात लिहायला वकील विसरतात.

सरकारही सामूहिक तक्रार करू शकते. मॅगी नूडल्सच्या प्रकरणात केंद्र सरकारने २०१५ मध्ये नेस्लेकडून सुमारे ६४० कोटी रुपये मागितले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरील बंदी रद्द करताना तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांच्या मान्यतेवर बोट ठेवले होते. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय आयोगाने सरकारची तक्रार फेटाळली. नमुना कोणी उचलला, कसा सीलबंद केला आणि कोठे तपासला, हे प्रश्न शेकडो कोटींच्या दाव्यालाही खाली खेचतात.

मध्य प्रदेशात सामूहिक दाव्याची चर्चा भोपाळशिवाय होत नाही. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर अमेरिकन वकिलांनी भोपाळ गाठले आणि पीडितांची वकीलपत्रे गोळा करण्याची चढाओढ लागली. १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मे १९८६ मध्ये दावा भारतात पाठवला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. रक्कम वाढवून मागणारी सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. समूहाच्या वतीने बोलणाऱ्याने समूहाला विचारले होते का, हा प्रश्न त्या तडजोडीनंतर प्रत्येक सामूहिक दाव्यात विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे.

फी, खर्च आणि मर्यादा

जिंकलेल्या रकमेतला हिस्सा फी म्हणून घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. जाहिरात करून अशील गोळा करण्यासही मनाई आहे. या दोन नियमांमुळे अमेरिकन पद्धतीचा व्यवसाय येथे उभा राहत नाही. दाव्याचा खर्च कोणीतरी आधी करावा लागतो आणि दहा हजार ग्राहकांत तो करायला बहुधा कोणी तयार नसते. यावर एक वाट आहे. वकील नसलेल्या तिसऱ्या माणसाने दाव्याला पैसा पुरवण्यास बंदी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ए. के. बालाजी प्रकरणात २०१८ मध्ये नमूद केले. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी दुरुस्ती ज्या राज्यांनी केली आहे त्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही आहेत.

ग्राहक आयोगाचा स्वतःचा खर्च मात्र अगदी कमी आहे. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये. त्यामुळे ज्या वकिलाला ग्राहकाच्या बाजूने उभे राहायचे असते त्याचे पोट इतर कामांवर चालते: कंपन्यांना अनुपालनाचा सल्ला, व्यापारी संघटनांच्या नियमावल्यांची तपासणी, दिवाणी दावे. या क्षेत्रातला मोठा पैसा बचावाच्या बाजूला आहे.

सनदेपासून युक्तिवादापर्यंत

या वाटेवर येणारा विद्यार्थी पाच वर्षांची किंवा पदवीनंतरची तीन वर्षांची एलएलबी करतो. इंदुरात देवी अहिल्या विश्वविद्यालयात आणि भोपाळला राष्ट्रीय विधी संस्था विद्यापीठात हे शिक्षण मिळते. नंतर जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलकडून सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. स्पर्धा आयोगात विद्यार्थ्यांना इंटर्नशिप मिळते आणि आदेश कसे लिहिले जातात हे तेथे आतून दिसते.

पहिली चार-पाच वर्षे कागदांची असतात. इन्व्हॉइस क्रमाने लावणे, ईमेलच्या साखळ्या वाचणे, तारखांचा तक्ता करणे. पुढच्या टप्प्यात उलटतपासणी येते आणि अर्थतज्ज्ञाला त्याच्याच आकड्यांवरून प्रश्न विचारायची तयारी लागते. ताळेबंद वाचता येणे येथे कलम पाठ असण्याइतकेच गरजेचे आहे. स्पर्धा आयोगापुढे वकिलांबरोबर चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंटही उभे राहू शकतात, ते काही उगाच नाही.

इंदुरात राहून हे काम करता येते का, हा प्रश्न पूर्वी अवघड होता. आयोग आणि अपील न्यायाधिकरण दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयही तेथेच. आता अनेक सुनावण्या व्हिडिओद्वारे होतात. आयोगाच्या अधिकारकक्षेला आव्हान देणाऱ्या रिट याचिका उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढेही येऊ शकतात आणि जिल्हा ग्राहक आयोग तर शहरातच आहे. दवा बाजार, धान्य मंडी, शाळांची पुस्तके आणि गणवेश, वस्त्यांमधले केबल आणि इंटरनेट, संगनमताला जागा असलेले व्यवहार दिल्लीपेक्षा येथे जवळून दिसतात. बाजाराची बोली ओळखणारा वकील दिल्लीच्या मोठ्या कार्यालयालाही लागतो, कारण पुरावा बाजारातच असतो.

औषध व्यापारातल्या नफ्याच्या रचनेवर स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वतंत्र धोरणपत्र काढले आणि औषधांच्या जादा किमतींचे एक कारण म्हणून व्यापारातील अवाजवी नफ्याकडे बोट दाखवले. इंदूरचा आदेश त्याच वर्षी चार महिने आधी झालेला होता. नव्या स्टॉकिस्टच्या दारातली एनओसी त्या आदेशाने बेकायदा ठरवली. रुग्णांनी वर्षानुवर्षे दिलेले जादा पैसे परत मागण्याचा प्रश्न त्यात आला नाही, कारण तो कोणी त्या रूपात मांडलाच नव्हता. तो मांडायचा तर वेळेचा हिशेब आधी करावा लागतो. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षे, स्पर्धा आयोगात तीन. तेवढा काळ खरेदीचे बिल जपून ठेवणे, हे ग्राहकाच्या हातातले पहिले काम आहे.